काठाला लागलेला ओजस

भाऊबीजेच्या संध्याकाळी रेवा तबक घेऊन गच्चीवर निघाली, तशी आई जिन्यातच आडवी आली.

"चंद्राला ओवाळतात त्या भाऊ नसलेल्या पोरी. तुझा चांगला धडधाकट आहे."

रेवाचा भाऊ ओजस धरणात बुडाला, त्याला दोन वर्षं झाली होती. डोळे मिटले की आईला पाण्याबाहेर आलेला त्याचा हात दिसायचा. ती जेवेना, झोपेना. शेवटी दवाखान्यात तिच्या मनातलं ते चित्र काढून दुसरं बसवलं. कोणतं, ते घरच्यांनी सांगायचं होतं. रेवाने मोठ्या हौसेने सांगितलं, की ओजस पोहत काठाला लागतो आणि हसत हसत निघून जातो.

आई आता शांत झोपायची. फक्त ओजसचं नाव निघालं की तोंड वाकडं करायची.

"एक फोन नाही कार्ट्याचा. सख्ख्या बहिणीचीसुद्धा आठवण नाही."

खरं सांगितलं तर तो हात पुन्हा दिसू लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रेवाने मान डोलावली.

"तुझंच बरोबर आहे, आई. पहिल्यापासून स्वार्थीच आहे तो."

लेक आपल्या बाजूची निघाली, म्हणून आईचा चेहरा खुलला. तिने रेवाच्या हातातलं तबक मायेने काढून घेतलं.