युझूचं लोणी

"माझं लोणी कुठंय?" फ्रिज उघडून मी ओरडलो.

लेकीनं जपानहून एकच युझू आणलं होतं. लिंबाच्या त्या चुलतभावाची साल सकाळी जिवापाड जपून किसली होती, लोण्यात कालवली होती. आता टोस्टसुद्धा भाजून तयार होते.

"त्याला आंबूस वास येत होता," बायको म्हणाली. "नासायच्या आत कढवून टाकलं. छान तूप झालंय!"

मी रुसून बसलो. तिनं गुपचूप वरणभात वाढला आणि वर तेच तूप सोडलं.

"लिंबू?" मी गुरकावलो.

"संपलंय."

पहिला घास घेतला आणि थबकलो. लिंबाची आठवणही झाली नाही. तीनदा भात मागून घेतला.

तेवढ्यात लेकीचा फोन. "बाबा, जमलं का बटर?"

"कसलं जमतंय!" मी बोटं चाटत म्हणालो. "पुढच्या वेळी डझनभर आण. आई पुन्हा बिघडवून देईल."