तीन खाटा, तीन देश

खाटेवर ओलं धोतर अंथरून रुक्माबाईनं पहिली बिबडी, ज्वारीचा पापड, थापली आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "बोल. पहिला देश कोनता?"

कुंदा उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर कागद. उद्या सकाळच्या पॅसेंजरनं तिला नरडाण्याहून जळगावला जायचं होतं, एम.ए.च्या तोंडी परीक्षेला. कोणत्या देशात लाखामागे किती खून होतात आणि किती माणसं आपणहून जीव देतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. मागच्या खेपेला सरांनी एक उलटा प्रश्न विचारला आणि हिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. ही दुसरी खेप. तिसरी मिळत नाही.

"हंगेरी," कुंदा म्हणाली. "एक्क्याण्णव सालचे आकडे. जीव देणारे लाखात चाळीसच्या आसपास. खून फक्त तीनेक. कोलंबियात उलटं. खून साठाच्या वर, जीव देणारे चार-पाच. जपानात खून एकसुद्धा पुरा नाही, पण जीव देणारे सोळा-सतरा."

"माय व!" शेजारच्या खाटेवरून भागाबाई म्हणाली. "कोलंबियामा इतला मानसं मारतस? मंग त्यास्ना पंच काय झोपा काढतस?"

रुक्माबाईनं घाट्याचा गोळा उचलला. ज्वारीच्या पिठाचा शिजवलेला गरम घाटा, बोटं भाजत होती, पण तिचं लक्ष सुनेकडे.

"तुले बठ्ठं पाठ शे. मंग तोंड काबर बंद व्हस?"

"सर म्हणतात, हे चूक आहे. मग मला वाटतं, असेलही."

"असेलही? कागद तुना का त्यास्ना?"

कुंदा अशीच. या घरात येऊन चार वर्षं झाली, सासूला एकदा उलट उत्तर नाही. गल्लीत सगळ्या म्हणायच्या, रुक्माबाईनं नशीब काढलं. रुक्माबाईला मात्र आज ते नशीब टोचायला लागलं.

"भागाबाई, तू कोलंबिया," तिनं फर्मान काढलं. "पार्वताबाई, तू हंगेरी. मी जपान. आते हिनासंगे भांडा."

भांडण म्हटल्यावर नरडाण्यात कुणाला आमंत्रण लागत नाही. भागाबाईनं पदर खोचला. पण तिसऱ्या खाटेवरची पार्वताबाई भडकली.

"मी काबर हंगेरी? मना घरमा दोन म्हशी, सात नातवंडं. माले जीव देवाले येळ कोठे शे? माले कोलंबिया दे!"

"कोलंबिया मीच," भागाबाई म्हणाली. "मना देर माले आज बी घाबरस."

कुंदाला हसू आवरेना. पार्वताबाईनं तिच्यावरच मोर्चा वळवला.

"हसू नको. आमना देश गरीब शे का? म्हनून जीव देतस का आम्ही?"

"नाही मावशी. पैसेवाल्या देशातही लोक जीव देतात. जपान बघा."

"मंग आमी भेकड?"

"भेकड कशाला? राग सगळ्याच देशांत आहे. कुठे तो दुसऱ्यावर निघतो, कुठे स्वतःवर."

"मंग आमी वाईट?" भागाबाई गरजली.

"तुम्ही नाही हो, कोलंबिया!"

खाटा हलेपर्यंत बाया हसल्या. एक बिबडी फाटली, ती भागाबाईनं तेल लावून तोंडात टाकली. रुक्माबाई मात्र हसली नाही. तिनं हात झटकले आणि सुनेवर डोळे रोखले.

"हाई बठ्ठं खोटं शे. मना जपानमा इतला कमी खून? पोलीस लपवतस. मी सांगस, खोडी टाक."

कुंदाची मान खाली गेली.

"आयकू नही उनं? सासू सांगस. खोड."

पार्वताबाईचा हात धोतरावर तसाच राहिला. कुंदानं पेन काढलं, कागदावर टेकवलं, आणि तिथंच धरून ठेवलं.

"नाही खोडणार."

"काय?"

"तुमचं चुकतंय, आत्याबाई." ती उठून उभी राहिली. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "खून लपवणं सोपं नाही. प्रेत सापडतं, पंचनामा होतो, चार माणसं साक्ष देतात. लपवतात ते दुसरं. बाईनं विहिरीत उडी घेतली तर घरचेच सांगतात, पाणी काढताना पाय घसरला. म्हणून माझा खुनाचा रकाना पक्का आहे आणि जीव देणाऱ्यांचा कच्चा. हे मी स्वतःच लिहिलंय, बाराव्या पानावर. तुम्ही न वाचताच बोलताय!"

भागाबाईनं तोंडावर हात ठेवला. घाट्याचा हात, गालाला चिकटला.

दुसरीतून शाळा सुटलेली रुक्माबाई सुनेकडे बघत राहिली. मग तिचं पोट हलायला लागलं, मग खांदे. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसणं थांबेना.

"आयका व बठ्ठ्याजनी!" ती गल्लीभर ओरडली. "मनी सून माले उलटी बोलनी!"

घरात मुलगा झाला की अशी हाक जाते, तशीच गेली. दारं उघडली. भांडण असेल म्हणून धावत आलेल्यांच्या हातावर भागाबाई गरम घाटा आणि तेल ठेवायला लागली.

"परत बोल," रुक्माबाई म्हणाली. "जरा मोठ्यानं. जळगावले आयकू गयं पाहिजे."

कुंदानं कागद उंबऱ्यावर ठेवला, पदर खोचला आणि हंगेरीपासून सुरुवात केली. समोरच्या ओट्यावर तीन घरच्या सुना येऊन उभ्या राहिल्या. आतून त्यांना हाका आल्या, दोनदा, तीनदा. एकही आत गेली नाही.