सात वाजताचे ठिपके

वलीभाईंनी रजई घडी करून पुढ्यात ठेवली तशी शैला बघतच राहिली. आठच दिवसांपूर्वी तर दिली होती. दुकानात छतापर्यंत लोकांच्या गाद्या-रजयांचे गठ्ठे लागलेले, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी टाचलेली. महिनाभर तरी आपली पाळी येत नाही असं धरून ती नुसती विचारायला आली होती.

"तुमची घाई होती ना ताई," वलीभाई म्हणाले. "सगळ्याहीच्या आधी घेतली मंग."

आपण कधी घाई केली, ते शैलाला आठवेना.

यंदा कापसाला बोंडअळी लागल्यापासून तेल्हाऱ्यात नवी गादी कुणी भरत नव्हतं. जुनीच उसवायची, तोच कापूस पिंजून घ्यायचा आणि परत शिवायची. वलीभाईंच्या भुवयांवर सकाळपासूनचे तंतू बसलेले. बाजूला त्यांची इफ्फत टाके घालत होती. दहावीला, शैलाच्या इशिताच्याच वर्गात. दहावीचा अभ्यास नाही का गं, असं शैलानं विचारलं, तर उत्तर बापानंच दिलं. पंधरा दिवस झाले, शाळेतच जात नाही. तुमच्या हाताखाली कोणी नाही म्हणते. शनिवारी बोर्डाचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे, आता तुम्हीच समजावून सांगा पोरीला.

इफ्फतनं घड्याळाकडे पाहिलं, उठली आणि शटर अर्धं खाली ओढलं. थंडी येते म्हणाली.

फळीवरच्या टीव्हीत बातम्या लागल्या होत्या. कुठल्याशा मोठ्या देशानं एका लहान देशाच्या किनाऱ्यासमोर जहाजं आणून उभी केली होती. नुसता सराव आहे, असं त्यांचं म्हणणं. इकडे किनाऱ्यावरच्या लोकांनी पोरंबाळं आतल्या गावांना पाठवायला सुरुवात केली होती.

"गोळी एक नाही मारली त्याहीनं," वलीभाई म्हणाले, "आन गाव खाली होऊन राहिलं."

तेवढ्यात शिलाई मशीनवर ठेवलेला फोन वाजला. वलीभाईंनी लुंगीला हात पुसले, फोन पाहिला, ठेवला. कापसात हात घातला तोच पुन्हा वाजला. पुन्हा पुसले. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. तिसरा तर इफ्फतच्या खालाच्या, म्हणजे मावशीच्याच, घरून होता.

"रोज सात वाजले का हेच," ते हसत म्हणाले. "लिवत कोनी काई नाही. ठिपका पाठवतात एक. गाद्या द्यायच्या राहिल्या आहेत ना, आठवण करून देत असतीन. तुमचाबी येते."

"माझा?"

फोन पुन्हा वाजला. वलीभाईंनी पडदा पाहिला, मग शैलाकडे पाहिलं, मग पुन्हा पडदा. त्यांनी तो तिच्यासमोर धरला. 'शैलाताई रजई', आणि खाली एक ठिपका.

"ताई, तुमी तं इथं बसल्या."

शैलाचा हात पर्सकडे गेला आणि तिथंच थांबला. ट्यूशनच्या नोट्स घ्यायच्या म्हणून संध्याकाळी फोन इशिताकडे असतो. इफ्फतची सुई टाक्यात अडकून राहिली होती. ती मान हलवून सांगत होती, नका बोलू, काकू.

पण शैलानं विचारलंच, आणि मग पोर खालमानेनं सांगत गेली. केसात कापूस अडकलेला तिचा फोटो कुणीतरी वर्गाच्या ग्रुपवर 'म्हातारी' लिहून टाकला. तिनं बाईंना नावं सांगितली. दुसऱ्या दिवसापासून हे सुरू झालं, ग्रुपवर तिचा म्हणून अब्बांचाच नंबर आहे, त्यावर रोज सातला पोरं आपापल्या घरच्या फोनवरून एकेक ठिपका पाठवतात. वर्गात कुणी मारत नाही, शिवी देत नाही. काही लिहिलं तर सापडतं. ठिपक्याला कोण काय म्हणणार? शाहनवाज, तिच्या खालाचा मुलगा, तोही पाठवतो. नाही पाठवला तर उद्या त्याला येतील. नंबर बंद करावे, तर ते सगळे अब्बांचे गिऱ्हाईक.

वलीभाई फोन हातात धरून उभे होते. तो वाजतच होता.

"म्हनजे," ते हळूच म्हणाले, "कोनाले घाई नोती."

शैलानं त्यांच्याकडून फोन घेतला आणि स्वतःचाच नंबर लावला. रिंग वाजून वाजून बंद पडली. पुन्हा लावला. इशिता ही तीच पोर, जी थंडीत अजून रजईत शिरून गार पाय आपल्या पोटाशी खुपसते. हिला कुणी त्रास दिला तर काय करायचं, ते शैलानं कितीदा मनात ठरवून ठेवलं होतं. हे मात्र कधीच मनात आलं नव्हतं.

तिसऱ्यांदा फोन उचलला गेला. 

"इशिता, मी बोलून राहिली. वलीभाईंच्या दुकानातून."

"आई, मी काहीच लिहिलं नाही. नुसता..."

"ते इथं येऊन सांग. एकटी ये."

तिनं फोन ठेवला. आपली रजई उचलली, तिच्यावर पुन्हा चिठ्ठी टाचली आणि सगळ्या गठ्ठ्यांच्या खाली सरकवायला लागली. वलीभाई राहू द्या, राहू द्या म्हणत होते. वरचा जड गठ्ठा काही उचलला जात नव्हता. येऊन ती काय बोलेल? आपण काय बोलणार?

घर काही लांब नव्हतं. इफ्फत उठून शटरपाशी गेली. अर्ध्या शटरखालून रस्ता गुडघ्यापर्यंतच दिसत होता. पाय येत होते, जात होते. मग एक ओळखीची चप्पल समोर आली आणि पायरीच्या पलीकडे थांबली.

इफ्फतचा हात शटरच्या कडीवर होता. तिनं अजून ते खाली ओढलंही नव्हतं, वर उचललंही नव्हतं.