धरलेला हात

"अगं, हात सोड, लोक बघतायत!" लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला निघाले, तेव्हाचा नवऱ्याचा आवाज तिच्या कानात अजून ताजा होता. आणि फुप्फुस बदलून घरी आल्यापासून हाच माणूस तिचा हात सोडेना. जिन्यात नाही, लिफ्टमध्ये नाही, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा नाही. ती आपली लाजून चूर.

"दोन्ही हात पुढे करा," डॉक्टर म्हणाले. नवऱ्याने दोन्ही हातांनी तिचा हात आणखीच घट्ट धरला. तीन हातांची ती मोळी लटलट कापू लागली.

"ही थरथर कुणाची?"

"माझी," ती घाईने म्हणाली. "वय झालं."

"मग तुमच्या मेंदूचा फोटो काढू." डॉक्टरांनी पेन उचललं.

"नको, नको! यांचीच आहे."

नवरा चपापला. "तुला ठाऊक होतं? मला वाटलं, कळलं तर पुन्हा ॲडमिट करतील."

"घरी आलात त्याच दिवशी कळलं. चहा पोटात कमी, सदऱ्यावर जास्त."

"अहो बाई, नवं फुप्फुस टिकवायच्या गोळ्यांनी होतं असं," डॉक्टर वैतागले. "गोळी जरा कमी केली की थरथर थांबते. आधी सांगायचं नाही का?"

तिने मान खाली घातली.

"थांबेल, म्हणूनच नाही सांगितलं."