वाचा नसलेल्यांचा देव

कॉम्प्युटरवरच्या एका खेळात माणसांखेरीज इतर जमाती आहेत. त्यांच्यासाठी देव तयार करणं ही माझी नोकरी. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, चाळीस वर्षं देवाच्या कथा गाऊन सांगितल्या, म्हणून अडलं की मी त्यांनाच विचारायची. "देव काय मापानं शिवून मिळतात होय गं?" असं म्हणून हसायचे, आणि मग सुचवायचेही. पंखवाल्यांचा देव जमिनीवर बसव, दमले की खाली यावंसं वाटेल, हे त्यांचंच.

मग घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. तेव्हापासून ते पाटीवर लिहून बोलतात. प्रार्थनेला बसणं मात्र त्यांनी सोडलं.

आज कीबोर्डवर बोटं ठेवूनच मी विचारलं, "अण्णा, पाण्याखालच्या जमातीला वाचाच नाही. त्यांना कसला देव देऊ?"

पाटी पुढे आली. "देऊ नकोस."

"असं कसं? दगडाच्या माणसांनासुद्धा दिलात की तुम्ही!"

"तेव्हा मला हाक मारता येत होती."

मी पुन्हा स्क्रीनकडे वळले. शेजारी पेन्सिल बराच वेळ कुरकुरत होती. मग पाटी पुन्हा पुढे आली.

"द्यायचाच असेल, तर ठार बहिरा दे. बहिऱ्याला निदान समोरच्याच्या तोंडाकडे बघावं तरी लागतं."

मी पाटीवरून नजर वर उचलली. ऑपरेशनला सात महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत मी नुसती पाटीच वाचत आले होते.