एका हाताचा कीबोर्ड

अपघातात डावा हात कायमचा लुळा पडला, तरी वैजयंती तिसऱ्या महिन्यात सर्व्हरच्या कामावर हजर झाली. टाईप केलेली कमांड दुरुस्त करायची, तर कंट्रोल आणि दुसरी कळ एकदम दाबायची, ही वीस वर्षांची सवय. एका हाताला ते जमेना.

“मॅडम, तुम्ही फक्त सांगा, टाईप मी करतो,” शेजारचा इरफान म्हणाला.

“मी काय प्रवचन द्यायला आलेय?” ती फणकारली.

तिने शेलच्या, म्हणजे कमांड जिथे टाईप करतात त्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये एक ओळ घालून एडिटिंगची पद्धतच बदलली. आता एस्केपची कळ दाबली, की साधी अक्षरंच दुरुस्तीची कामं करत. एका वेळी एकच कळ. आठवडाभर तिने भलत्याच ओळी पुसल्या, स्वतःला शिव्या घातल्या, पण जुन्या पद्धतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

शनिवारी तिला इरफानच्या मॉनिटरवर चिकटवलेली चिठ्ठी दिसली: ‘एक्स – अक्षर पुसतं. डीडी – ओळ पुसते.’ आता तिला उमगलं. सेटिंगमधली ती ओळ तिने स्वतःच्या नव्हे, सगळ्या टीमच्या सामाईक खात्यात घातली होती; पद्धत सगळ्यांचीच बदलली होती.

“आठवडाभर गप्प का बसलास?”

“तुमचा जम बसू दे म्हटलं. तेवढ्यात आमचाही हात बसला.” बोलता बोलता तो एक लांबलचक शब्द एक्स दाबदाबून पुसत होता.

अख्खा शब्द एकदम पुसायची युक्ती त्याच्या चिठ्ठीत नव्हती; तिला ते बघवेना. “सरक तिकडे,” ती म्हणाली. “तू फक्त बघ, टाईप मी करते.”