शनिवार दुपार ते मंगळवार सकाळ

दोघांचं रक्त तपासायला गेलं आणि मास्तरांनी पुन्हा तळ्याचा विषय काढला.

लिफ्टवाल्याचं लक्ष लागेना. सकाळी सहाला हॉस्पिटलातून फोन आला होता. किडनी मिळण्याची शक्यता आहे, पाण्याचा घोटही न घेता निघा. तो धापा टाकत पोचला, तर ऑपरेशन विभागाबाहेरच्या बाकावर मास्तर आधीच बसलेले. मग सिस्टरने समजावून सांगितलं. किडनी एकच आहे. यादीत पहिलं नाव मास्तरांचं. ऐनवेळी त्यांचं काही बिनसलं तर हाताशी असावा म्हणून दुसरा माणूस बोलावून ठेवतात. तो दुसरा माणूस लिफ्टवाला होता.

दोन वर्षं ते डायलिसिसच्या शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसत आले होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. तरुणपणी त्यांचे कित्येक उन्हाळे उत्तरेकडच्या तळ्यांवर गेले होते. लिफ्टवाल्याचा जन्म गेला लिफ्ट दुरुस्त करण्यात, इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरींत, ग्रीस आणि तारांमध्ये. गळ त्याने हातातही धरला नव्हता. तरी बेत ठरला होता. शनिवारी दुपारी मशीनवरून सुटायचं आणि मंगळवारी सकाळी परत मशीनला हजर व्हायचं. जायला दहा तास, यायला दहा तास. मधला सगळा वेळ तळ्यावर. दोघांना दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाण्याची मुभा होती. मास्तर म्हणायचे, बंदी पिण्यावर आहे, बघण्यावर कुठे आहे?

बेत मात्र दरवेळी पुढे ढकलला जात होता, आणि तोही लिफ्टवाल्यामुळे. त्याच्या दोन्ही हातांच्या शिरा एकामागोमाग निकामी झाल्या. आता मानेत नळी होती. तीही दोनदा बदलून झाली होती. आणखी किती वेळा बदलता येईल, हे डॉक्टरांनी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिने त्याला सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. मास्तरांना शेजारच्या खुर्चीवरून सगळं दिसत होतं, पण त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत.

आजही ते माशांबद्दलच बोलत होते. गांडुळं डब्यात ओल्या शेवाळात ठेवायची, म्हणजे दोन दिवस टिकतात. लव्हाळी संपतात आणि पाणी एकदम काळं दिसायला लागतं, तिथे गळ टाकायचा. होडीत उभं राहायचं नाही, मासा कितीही मोठा लागला तरी. मासा सोडवायचा तर आधी हात पाण्यात बुडवायचे. कोरड्या हाताने त्याची कातडी सोलते.

"लिहून घे," मास्तर म्हणाले.

लिफ्टवाल्याला नवल वाटलं. एरवी त्याने कागद काढला की मास्तर हसायचे, मी बरोबर असताना तुला कागद कशाला हवा म्हणायचे. त्याने खिशातून कामाची वही काढली आणि लिहीत गेला. होडीवाल्याचं घर कुठे, वल्ही नीट बघून का घ्यायची, तुझ्या मुलीला नेलंस तर तिला कुठे बसवायचं. अक्षर वाकडंतिकडं येत होतं. कारण मनात एकच गोष्ट घोळत होती आणि तिची त्याला लाज वाटत होती. मास्तरांच्या रिपोर्टमध्ये काहीतरी निघावं. थोडंसंच, फार नको.

पण रिपोर्ट आले ते दोघांचेही चांगले आले. सिस्टर मास्तरांकडे बघून हसली आणि म्हणाली, चला, आत तपासणी आहे. म्हणजे झालंच. लिफ्टवाल्याने वही मिटली. त्याने मास्तरांचा हात दाबला आणि जमेल तितकं हसला. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते दाराआड गेले.

पंधरा मिनिटांनी ते बाहेर आले. अंगात स्वतःचाच सदरा होता. बटणं लावता लावता त्यांनी सांगितलं की साडेबाराची बस मिळते का बघतो. त्यांची थोरली बहीण घरी होती. ती जेवायची थांबली असणार. काय झालं, हे लिफ्टवाल्याने विचारलं, पण मास्तर तोवर जिन्याकडे वळले होते. तेवढ्यात सिस्टरने त्याला आत बोलावलं.

डॉक्टर फाइल पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांनी सांगितलं की मास्तरांना दोन दिवस बारीक ताप आणि सारखा खोकला आहे. तसं ते स्वतःच म्हणाले. अशा वेळी किडनी बसवली तर संसर्ग अंगभर पसरू शकतो, माणूस दगावतो. ही जोखीम घेता येत नाही. आता नंबर लिफ्टवाल्याचा. मात्र बोलता बोलता डॉक्टर थांबले. मास्तरांना आत्ता ताप नव्हता, छातीही साफ होती. डॉक्टरांना काहीतरी खटकत होतं.

"तुम्ही सकाळपासून त्यांच्याजवळ बसलात," डॉक्टर म्हणाले. "फार खोकतायत का ते?"

लिफ्टवाल्याचा हात आपसूक मानेतल्या नळीकडे गेला. पाच तास ते एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसले होते. मास्तर सलग बोलत होते. एकदाही खोकले नव्हते. त्यांचं वय झालं होतं, गुडघे दुखायचे, अजून ते जिन्यातच असतील. सिस्टरने हाक मारली तर ऐकू जाईल.

डॉक्टर त्याच्याकडे बघत होते.

"हो," लिफ्टवाला म्हणाला. "सकाळपासून खोकतायत."